काठीची मूठ

भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे तत, सुषिर, घन आणि अवनद्ध असे चार वर्ग सांगितले आहेत. चामड्याने मढवलेली ती अवनद्ध वाद्ये. पुढे व्यवहारात या चौथ्या वर्गाचे आणखी दोन भाग पडले. पखवाज, तबला, मृदंग ही हाताने वाजवायची वाद्ये बैठकीत बसली. नगारा, संबळ, हलगी, ताशा, ढोल ही काठीने वाजवायची वाद्ये दारात, रस्त्यावर, देवळाच्या ओवरीत किंवा रणांगणावर राहिली. पहिल्या भागाविषयी ग्रंथ झाले, घराणी झाली, बोलांची शास्त्रे झाली. दुसऱ्या भागाच्या वाट्याला हे भाग्य क्वचितच आले. या लेखात आम्ही त्या दुसऱ्या भागातील अगदी प्राथमिक गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ती गोष्ट म्हणजे काठी हातात कशी धरावी. विषय वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु या एका मुठीत सैन्याचा, समाजाचा आणि शिक्षणपद्धतीचा बराच इतिहास दडलेला आहे.

आज आपल्या गावांत पाश्चात्त्य ड्रम शिकणारी मुले-मुली घरोघरी दिसतात. त्यांचा पहिला धडा मुठीचाच असतो. या मुठी मुख्यतः दोन आहेत. पहिलीत दोन्ही हात सारखे असतात, तळवे खाली आणि काठ्या वरून धरलेल्या; तिला ‘मॅच्ड ग्रिप’ म्हणतात. आपण तिला जुळी मूठ म्हणू. दुसरीत उजवा हात तसाच राहतो. डावा मात्र तळवा आत व किंचित वर वळवून काठी खालून धरतो. हिचे नाव ‘ट्रॅडिशनल ग्रिप’, म्हणजे पारंपरिक मूठ. यांतील बरोबर कोणती, असा प्रश्न शिकणारा विचारतो आणि पुष्कळदा त्याचे आईवडीलही विचारतात. ‘बरोबर कोणती’ याआधी ‘ही आली कोठून’ असे विचारले तर पहिल्या प्रश्नाचा निकाल बराचसा आपोआप लागतो, असे आमचे मत आहे.

प्रथम काठीचा धर्म पाहू. ताणलेल्या पानावर काठी पडली की ती उसळते. ही उसळी वादकाला आयती मिळालेली शक्ती आहे. तिला अडवायचे नाही, वापरायचे. यासाठी काठी कोठेतरी तोलली गेली पाहिजे. सामान्यतः जाड टोकापासून सुमारे एक तृतीयांश अंतरावर अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत ती धरतात आणि उरलेली बोटे तिच्याभोवती सैल ठेवतात. चिमटी हा तरफेचा टेकू होय. टेकू फार पुढे गेला तर काठी जड होते, फार मागे गेला तर ताबा सुटतो. जुळ्या मुठीचेही तीन प्रकार केले जातात. तळवे पूर्ण खाली असले की जर्मन, अंगठे वर असले की फ्रेंच आणि दोहोंच्या मध्ये अमेरिकन. जर्मन प्रकारात मनगट अधिक काम करते, फ्रेंच प्रकारात बोटे. नवशिक्यांची चूक बहुधा एकच असते. काठी निसटेल या भीतीने ते मूठ आवळतात. उसळी मुठीतच मरते, आवाज कोंदट होतो आणि थोड्याच वेळात मनगट व कोपरापर्यंतचा हात भरून येतो. ही सवय वर्षानुवर्षे चालली तर हाताचे दुखणे कायमचे मागे लागू शकते.

आपल्या भाषेनेही येथे नवशिक्याची थोडी दिशाभूल केली आहे. ढोल ‘बडवतात’, दवंडी नि डंका ‘पिटतात’. या क्रियापदांत सगळा भर जोरावर आहे. परंतु त्याच भाषेत नगाऱ्यावर टिपरी ‘पडते’ आणि चौघडा ‘झडतो’ असेही म्हणतात. ज्याने प्रथम ‘टिपरी पडली’ असे म्हटले त्याला काठीचा धर्म ठाऊक असावा. काठी हाणायची नसते, पडू द्यायची असते.

आता इतिहास. युरोपात पायदळाबरोबर चालणारा ढोल सोळाव्या शतकात चांगलाच रूढ झाला होता. फ्रान्समधील लांग्र येथील धर्माधिकारी झ्यां ताबुरो याने त्वानो आर्बो या टोपणनावाने ‘ऑर्केसोग्राफी’ हा ग्रंथ लिहिला. तो १५८९ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. ग्रंथ नृत्याचा, गुरुशिष्यसंवादाच्या रूपातला. पण त्यात सैन्याच्या ढोलाचे व त्याच्या ठेक्यावर पडणाऱ्या पावलांचे सविस्तर वर्णन आहे. त्यातील फ्रेंच ढोल सुमारे अडीच फूट लांब आणि तेवढ्याच व्यासाचा आहे. एवढे धूड घेऊन सैनिकाने चालायचे कसे? पट्टा उजव्या खांद्यावरून घेऊन ढोल डाव्या मांडीच्या बाजूस टांगला जाई. मांडी हलती राहावी म्हणून तो तिरपा लोंबे आणि त्याची डावी कड वर येई, उजवी खाली जाई. आता या वर आलेल्या कडेवरून डाव्या हाताने, तळवा खाली ठेवून वाजवू पाहिले तर कोपर खांद्याच्या रेषेपर्यंत उचलावे लागते. कोसभर चालणाऱ्या माणसाला हे जमणे शक्य नव्हते. म्हणून डाव्या हाताने वेगळी युक्ती शोधली. काठी अंगठ्याच्या बेचक्यात रोवायची, मधले बोट व अनामिका यांच्यामधून बाहेर काढून अनामिकेवर टेकवायची आणि कुलपात किल्ली फिरवावी तसा हात फिरवायचा. पारंपरिक मुठीचा जन्म हा असा पट्ट्यातून झाला. तिच्यामागे संगीतशास्त्राचा सिद्धांत नव्हता; होती ती चालणाऱ्या शरीराची सोय.

सोय म्हणून जन्मलेल्या या मुठीला पुढे नियमाचे रूप आले. त्या काळी रणांगणावर हुकूम पोहोचवण्याचे साधन ढोल हेच होते. उठणे, जमणे, कूच करणे, माघार घेणे, रात्री छावणीत परतणे या प्रत्येकासाठी ठरलेला ठोका असे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फॉन श्टॉयबेन या प्रशियन अधिकाऱ्याने १७७९ मध्ये तयार केलेल्या कवायतीच्या नियमावलीत अशा ठोक्यांचे स्वतंत्र प्रकरण आहे. ठोका चुकला तर पलटण चुकणार. तेव्हा सगळ्या वादकांचे हात एकसारखे घडवणे ही लष्करी गरज ठरली. चार्ल्स अ‍ॅशवर्थ याने १८१२ मध्ये ढोलवादनाची पद्धतशीर पुस्तिका काढली आणि मूलभूत पाठांना ‘रूडिमेंट्स’ हा शब्द वापरला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६२ मध्ये, ब्रूस आणि एमेट यांचे ढोल व बासरीवादकांसाठीचे मार्गदर्शक आले. पुढे सॅनफर्ड मोलर याने त्या युद्धातील वृद्ध वादकांचे हात निरखून, ते चाबकाच्या झोळाप्रमाणे हात कसा वर नेतात व सोडतात याचा अभ्यास केला आणि १९२५ मध्ये आपले पुस्तक प्रसिद्ध केले. १९३३ मध्ये शिकागो येथे जमलेल्या वादकांनी संघटना स्थापून १३ आवश्यक पाठ निश्चित केले. त्यांत आणखी १३ ची भर पडून ते २६ झाले. १९८४ मध्ये दुसऱ्या एका संस्थेने ही यादी ४० पर्यंत नेली. बॉस्टनच्या जॉर्ज लॉरेन्स स्टोन यांचे ‘स्टिक कंट्रोल’ हे १९३५ चे पुस्तक तर आजही शिकणाऱ्यांच्या हाती असते. त्यात सुरावटी नाहीत; उजवा-डावा यांचे निरनिराळे क्रम तेवढे आहेत.

या सगळ्या पुस्तकी परंपरेकडे पाहताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. ज्यांच्या हातांनी ही विद्या घडवली त्यांना सैन्यात फारसा मान नव्हता. ढोलवाले पुष्कळदा कोवळे पोर असत. ब्रिटिश सैन्यात अपराध्यास फटके मारण्याचे नकोसे कामही त्यांच्याकडेच असे. ही फटक्यांची शिक्षा १८८१ मध्ये रद्द झाली. हिंदुस्थानात ईस्ट इंडिया कंपनीने तर यावर शिक्कामोर्तबच केले. १७९१ पासून मिश्र वंशाच्या लोकांना कंपनीच्या वरच्या नोकऱ्यांतून वगळण्यास सुरुवात झाली आणि १७९५ च्या आदेशाने, ज्यांचे आई व वडील दोघेही युरोपीय नाहीत अशांना सैन्यात बासरीवाले, ढोलवाले, बँडवाले व नालबंद एवढ्याच जागा मोकळ्या ठेवल्या. काठी कोणाच्या हातात द्यायची हे कौशल्यावरून नव्हे, जन्मावरून ठरत होते. हे वाचून परदेशी अन्यायाबद्दल हळहळण्यापूर्वी आपण आपल्या गावकुसाकडेही एकदा पाहावे. त्याविषयी पुढे लिहितोच.

कवायती पायदळाबरोबर हा ढोल मराठी दरबारांतही आला. महादजी शिंदे यांच्या चाकरीत बेन्वा द ब्वान्य हा सेनानी १७८४ मध्ये रुजू झाला आणि त्याने युरोपीय धर्तीची पलटणे उभारली. पुढे होळकरांनीही तोच मार्ग धरला. कवायत म्हटली की मोजलेली पावले आली आणि पावले आली की ढोल आला. तंजावरला सरफोजीराजे दुसरे (१७७७–१८३२) यांच्या दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड होता. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन व व्हायोलिन शिकवले जाई. त्या शिक्षणाच्या बळावर गोव्याचे वादक पुढे संस्थानांच्या, पोलिसांच्या बँडमध्ये आणि नंतर मुंबईच्या नृत्यगृहांत व चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरले. स्वातंत्र्यानंतर सैन्यातील वादकांच्या शिक्षणासाठी १९५० मध्ये पचमढी येथे विद्यालय निघाले. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे. तेथील वाचकांना संचलनाचा बँड नवा नाही.

आमच्या मध्य प्रदेश शासनाच्या सेवेत १५ ऑगस्ट व २६ जानेवारीच्या संचलनास हजर राहणे हा कर्तव्याचाच भाग होता. पोलीस बँड समोरून जाताना बहुतेकांची नजर दंड फिरवणाऱ्या म्होरक्याकडे लागे. आमची मात्र साइड ड्रम वाजवणाऱ्यांच्या डाव्या हातांकडे जाई. रांगेतील एकूण एक डावे तळवे वर वळलेले. हे असे का, हे आम्ही एका जुन्या बँडमास्तरांना विचारले असता त्यांनी उत्तर दिले, ‘साहेब, आम्हाला असंच शिकवलं.’ हे उत्तर अपुरे असले तरी खोटे नाही. परंपरा बहुधा याच एका वाक्यावर चालते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ढोलाच्या आयुष्यात मोठा पालट झाला. तो पट्ट्यावरून उतरून घडवंचीवर बसला. १९०९ मध्ये विल्यम लुडविग याने पायाने मोठा ढोल वाजवण्याचे सुधारलेले पेडल बाजारात आणले आणि दोघातिघांचे काम एकटा माणूस बसून करू लागला. आजच्या ड्रमसेटचा पाया हा असा घातला गेला. आता पट्टा नव्हता, चालणे नव्हते, ढोल हवा तसा सपाट ठेवता येत होता. म्हणजे पारंपरिक मुठीचे मूळ कारणच उरले नव्हते. तरीही जॅझचे वादक तीच मूठ धरत राहिले. इतकेच नव्हे, तर त्या मुठीला सोयीचा व्हावा म्हणून घडवंचीवरचा ढोल ते मुद्दाम तिरपा करू लागले. आधी तिरप्या ढोलाने मूठ घडवली. मग मुठीने ढोल तिरपा केला. इतिहासात असे उलटे घडलेले पुष्कळदा आढळते.

याला केवळ जडत्व म्हणून सोडून देता येणार नाही. शे-दोनशे वर्षे एकाच रीतीने घडलेल्या हाताने त्या रीतीतून काही विशेष साधलेले असते. डाव्या हाताच्या त्या वळणातून हलके, कुजबुजल्यासारखे ठोके, ब्रशची फिरत आणि दोन ठोक्यांमधली नाजूक दाणेदार भर सहज निघते, असे अनेक जॅझवादक मानतात. जीन क्रुपा हा मोलरकडे शिकलेला. बडी रिच (१९१७–१९८७) याने ही मूठ अखेरपर्यंत सोडली नाही. जो मोरेलो हा स्टोन यांचा शिष्य. डेव्ह ब्रूबेक यांच्या चौकडीबरोबर तो १९५८ मध्ये हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला होता. पुढच्याच वर्षी त्याच चौकडीने पाच मात्रांच्या चालीवरील ‘टेक फाइव्ह’ ध्वनिमुद्रित केले. त्यातील मोरेलोचे वादन याच पारंपरिक मुठीचे.

मग ९ फेब्रुवारी १९६४ ची रात्र आली. अमेरिकेत एड सलिव्हन यांच्या दूरदर्शन-कार्यक्रमात बीटल्स प्रथमच दिसले आणि सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी तो कार्यक्रम पाहिला, असे सांगतात. मागे उंचावर बसलेल्या रिंगो स्टारने दोन्ही काठ्या सारख्याच, तळवे खाली ठेवून धरल्या होत्या. जुळी मूठ त्याने शोधली नव्हती. पण लाखो मुलांनी आयुष्यात पाहिलेला पहिला ड्रमवादक तो होता आणि दुसऱ्या दिवसापासून ती मुले त्याच्यासारखीच काठी धरू लागली. रिंगो मूळचा डावखुरा. लहानपणी आजीने त्याला उजव्या हाताने लिहायला लावले, हे त्यानेच सांगितले आहे. उजव्या हाताच्या माणसासाठी मांडलेला ड्रमसेट तो डावखुऱ्या कलाने वाजवी आणि त्यातून त्याच्या भरण्यांना एक निराळाच डौल येई. डाव्या हाताने घास घेणाऱ्या नातवाच्या हातावर चापट मारणारी आजी आपल्याही घरांत होऊन गेली आहे. हाताला वळण लावणे आणि हाताचा मूळ कल मोडणे यांतील अंतर फार बारीक असते.

पुढच्या काळात शाळा-विद्यालयांनी जुळी मूठ स्वीकारली. तीच मूठ टिंपनी, झायलोफोन अशा इतर वाद्यांनाही चालते, आणि दोन्ही हात सारखे घडतात, हे तिचे उघड लाभ होते. मात्र पारंपरिक मूठ नामशेष झाली नाही. रोलिंग स्टोन्सचा चार्ली वॉट्स (१९४१–२०२१) हा रिंगोचाच समकालीन, रॉकचाच वादक. पण त्याने आयुष्यभर जुनी मूठ जपली. उलट नील पिअर्ट (१९५२–२०२०) हा जुळ्या मुठीने कीर्तीच्या शिखरावर पोहोचलेला वादक १९९० च्या दशकात, चाळिशी उलटल्यावर, फ्रेडी ग्रूबर यांच्याकडे शिष्य म्हणून जाऊन बसला आणि पारंपरिक मूठ शिकला. स्कॉटिश पाइप बँडमध्ये, स्वित्झर्लंडमधील बाझलच्या फास्नाख्त उत्सवात जुनी मूठ टिकून आहे. अमेरिकेतील संचलनपथकांनी तर ढोल छातीपुढे सपाट बसवणारा साचा स्वीकारल्यावरही अनेकांनी ही मूठ ठेवली. कारण संपले, पण ओळख उरली.

आता जुळ्या मुठीचे मूळ पाहू. येथे वाचकांना थोडे आश्चर्य वाटेल. युरोपातील जुळ्या मुठीचे सर्वांत जुने घर म्हणजे तेथील नगारा. अरबी ‘नक्कारा’ ही लहान नगाऱ्यांची जोडी धर्मयुद्धांच्या काळात, तेराव्या शतकाच्या सुमारास, युरोपात पोहोचली. फ्रेंचांनी तिला ‘नाकेर’ म्हटले, इंग्रजांनी ‘नेकर’. पंधराव्या शतकात घोड्यावरचे मोठे नगारे पूर्वेकडून तेथे गेले आणि त्यांचीच पुढे वाद्यवृंदातील टिंपनी झाली. नगाऱ्यांची जोडी वादकासमोर दोन्ही बाजूंना सारखी मांडलेली असते. तेव्हा दोन्ही हातही सारखेच चालतात. म्हणजे रिंगोच्या हातात दिसलेली मूठ आणि आपल्या नगारखान्यातील मूठ यांचे गोत्र एकच निघते. अबुल फज़लने ‘आईने-अकबरी’त बादशाही नक्कारखान्यातील वाद्ये नोंदवली आहेत आणि अकबर स्वतः नगारा वाजवण्यात निपुण होता असेही लिहिले आहे. रायगडावरील नगारखान्याचा दरवाजा आजही उभा आहे. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावर नगारखाना आहे. आपले पूर्वज ज्या फौजांबरोबर नर्मदा ओलांडून माळव्यात आले, त्या फौजांच्या कूचाची सूचना नगाराच देत असे.

हा धागा धरून आपली इतर वाद्ये पाहिली की एक साधा नियम हाती येतो. वाद्य शरीराला कोठे व कसे टांगले आहे, यावरून मूठ ठरते. ताशा गळ्यात अडकवून पोटासमोर सपाट ठेवतात. म्हणून दोन्ही हातांतील बारीक काड्या सारख्याच चालतात. गोव्यात घुमटाच्या साथीला असणारे शामेळही दोन काड्यांनी वाजते. गोंधळ्याचा संबळ ही कमरेला बांधलेली दोन वाद्यांची जोडी. येथे दोन हात सारखे, परंतु काठ्या वेगळ्या, एकीचे टोक वळवलेले, कारण दोन तोंडांतून दोन जातींचे नाद काढायचे असतात. ढोल आडवा टांगला की एका तोंडावर टिपरू चालते आणि दुसऱ्यावर हाताचा पंजा.

हलगी तर या सर्वांत विलक्षण. डाव्या हाताने तिचे कडे सावरायचे आणि त्याच हाताच्या बोटांत लांब, बारीक, लवचीक काडी धरून ती कडेवरून आत झुलवायची. उजव्या हातात आखूड टिपरू. एक हात एकाच वेळी आधार देतो आणि वाजवतोही. पायदळाच्या ढोलवाल्याचा डावा हात जसा परिस्थितीने वेगळा घडला तसाच हलगीवाल्याचाही घडला, आणि आमच्या मते तो अधिक अवघड घडला. युरोपात त्या डाव्या हातावर पुस्तके निघाली, पाठांची यादी ठरली, संघटना झाल्या. हलगी वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताकडे मात्र गावाने कौशल्य म्हणून पाहिलेच नाही. जन्माने आलेले काम म्हणून पाहिले. दवंडी त्याच्याकडून पिटवून घेतली, वरात त्याच्या ठेक्यावर नाचली, जत्रेतली पालखी त्याच्यामागून चालली. पण त्याला ओसरीवर बसवून ‘ही काडी कशी धरतोस, दाखव’ असे विचारणारे फार थोडे निघाले. कंपनीचा १७९५ चा हुकूम कागदावर होता. आपला कागदावर नव्हता, एवढाच फरक.

या इतिहासावरून बोध काय घ्यायचा? शिकणाऱ्याने प्रथम जुळी मूठ घ्यावी, हे आजचे सर्वसाधारण मत आम्हांस मान्य आहे. दोन्ही हातांना एकच नियम लागू असल्याने चुका लवकर दिसतात. आरसा समोर ठेवावा; दोन्ही काठ्या एकाच उंचीवरून पडतात का ते पाहावे; वेग वाढवण्यापूर्वी ठोका सारखा करावा; दुखू लागले की थांबावे. पुढे जॅझ किंवा लष्करी वादनाची ओढ लागली तर पारंपरिक मूठ अवश्य शिकावी, परंतु तिचा पट्टा लक्षात ठेवून. तिला पूज्य मानण्याचे कारण नाही आणि जुनाट म्हणून टाकण्याचेही कारण नाही.

आपल्यासारख्या, पिढ्यान् पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या कुटुंबांना ही गोष्ट समजायला अवघड जाऊ नये. आपल्या घरांत कितीतरी रीती अशा आहेत की ज्यांचा पट्टा केव्हाच तुटला. ज्या गावी, ज्या हवेत, ज्या चाकरीत त्या जन्मल्या ती मागे राहिली. काही रीती आपण ओळख म्हणून जपतो आणि ते योग्यच आहे. पण नव्या पिढीवर त्या लादताना ‘आम्हाला असंच शिकवलं’ एवढेच उत्तर आपल्यापाशी असेल तर ती पिढी त्या टाकून देईल आणि तिला दोष देता येणार नाही. रीतीबरोबर तिचे कारणही सांगितले, आणि त्या कारणाच्या पलीकडे तिने काय कमावले हेही दाखवले, तर ती टिकण्याची काही आशा असते.

शेवटी मंडळाच्या सभासदांना एक विनंती. संबळ, हलगी, शामेळ, चौघडा वाजवणारी वयस्क माणसे आपापल्या गावांत अजून आहेत. त्यांची गाणी व ठेके ध्वनिमुद्रित करण्याचे काम थोडेफार होते. हातांची नोंद क्वचितच होते. ध्वनिमुद्रणात मूठ ऐकू येत नाही. आज प्रत्येकाच्या खिशात छायाचित्रे घेणारा दूरध्वनी आहे. वादकाची परवानगी व त्याचे नाव घेऊन, योग्य मानधन देऊन, काठी कोणत्या बोटांत आहे, टेकू कोठे आहे, वाद्य कोठे टांगले आहे, काठी कोणत्या झाडाची आहे, एवढे चार मुद्दे टिपले तरी पुष्कळ होईल. मोलरने म्हाताऱ्या शिपायांचे हात वेळेवर पाहिले म्हणून ते हात पुस्तकात उरले. आपल्याकडचे हात अजून पाहायला मिळत आहेत. ते काम याच पिढीत व्हावे.